सुतकाचा डबा, घरपोच

एका जिवंत माणसाला मी श्रद्धांजली वाहिली आणि लगोलग त्याच्याच मोबाइलवर तेराव्याच्या जेवणाचा मेनू पाठवला. गोडात जिलबी हवी की बुंदीचा लाडू, तेही विचारलं.

माझी नात हल्ली मैत्रिणींना घेऊन येते, त्यांना माझ्यासमोर बसवते आणि म्हणते, "आजी, तो मेनूवाला किस्सा सांग ना." मी सांगते. पोरी खिदळतात. मीही खिदळते, कारण त्या बाईची मला आता कीवसुद्धा येत नाही. साठीला टेकलेली, केस काळे करून कानामागचे पांढरे तसेच विसरलेली, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी, आणि सबंध डोंबिवलीत आपल्याइतकं डोकं कुणाला नाही अशी पक्की समजूत असलेली बाई. कुणीतरी वेळीच तिच्या हातातला मोबाइल काढून घ्यायला हवा होता. पण तो तिला तिच्या सुनेनेच वाढदिवसाला दिला होता.

तेव्हा मी डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होते. आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा-सून ठाण्याला, कोलशेतला, बाविसाव्या मजल्यावर. तिथून खाडी दिसते असं म्हणतात. मला दोन कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसली आणि त्यांच्यामधून काहीतरी करडं. मुलाचं म्हणणं, डोंबिवलीचा ब्लॉक विकावा, त्यात भर घालून तिकडे मोठं घर घ्यावं, मी त्यांच्यात राहावं. "तुला तुझी खोली मिळेल आई," असं तो सारखा म्हणायचा. त्या खोलीत नातीचा पाळणा, इस्त्रीचं टेबल आणि त्याची व्यायामाची सायकल आधीच राहायला गेली होती.

मला जायचं नव्हतं. खरं कारण सांगायची लाज वाटायची म्हणून मी लिफ्टची भीती सांगायचे, तिकडच्या पाण्याने केस गळतात सांगायचे. खरं कारण होतं माझ्या समोरचं दार. तीस वर्षं आमची दोन्ही दारं दिवसभर उघडी. माझ्या कुकरच्या शिट्ट्या समोरची मोजायची, तिच्या मी. "अगं, तिसरी झाली," एवढं म्हणून ती आपल्या कणकेकडे वळायची. चार वाजताचा चहा एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. लग्नाच्या नवऱ्याशी मी जन्मभरात बोलले नाही तेवढं त्या बाईशी बोलले असेन, आणि त्यातलं अर्धं तिच्या नवऱ्याविरुद्ध. तिचा नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला, महाखडूस माणूस. जिन्यात मुलं खेळली की दार उघडून नुसता उभा राहायचा, पोरं आपोआप पांगायची. मी त्यांना भाऊजी म्हणायचे आणि ते मला वहिनी, यापलीकडे आमचं फार नव्हतं. त्यांचा नंबरही माझ्या मोबाइलमध्ये नव्हता. लागायचाच कशाला? पाच पावलांवर तर दार.

एका रविवारी मुलगा म्हणाला, "आई, तू तिथे एकटी बसून करतेस काय पण? काही करत असतीस तर गोष्ट वेगळी."

"करते मी."

"काय?"

"डबे," मी म्हटलं. तोंडाला जे आलं ते म्हटलं.

तो सुनेकडे बघून हसला. "बरं. दिवाळीपर्यंत बघू. डबे चालले तर मी विषय काढणार नाही. नाही चालले तर माणूस घेऊन येतो ब्लॉक बघायला."

डोंबिवलीत डबे करणार म्हणजे काय, तर समुद्रकाठी मीठ विकायला बसणार. दर दुसऱ्या गल्लीत पोळीभाजी केंद्र. मोदक करणाऱ्या, पुरणपोळी करणाऱ्या, उपासाचं करणाऱ्या, सगळ्या आधीच मांडून बसलेल्या. मला असं काहीतरी हवं होतं जे कुणी करत नाही आणि ज्याला नाही म्हणायची कुणाची ताकद नाही.

ते मला सापडलं आमच्या ह्यांच्या मरणात. ते गेले तेव्हा रीतीप्रमाणे शेजारपाजारच्यांनी पिठलं-भात आणला. दहा दिवस घरात तळण नाही, गोड नाही, चमचमीत काही नाही. चार घरांतून चार पिठली आली. एक खारट, एक गुठळ्यांचं, एकात हिंगाची डबी उपडी झालेली, आणि चौथं नक्की पिठलंच होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तरणी माणसं बिचारी रडत रडत गिळत होती. चौथ्या दिवशी मुलगा "जरा फिरून येतो" म्हणून गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या तोंडाला वडापावच्या लसणीच्या चटणीचा वास होता. बापाचा फोटो समोर, हार ताजा, आणि मी, त्याची विधवा, मनात म्हणत होते, चांगलं पिठलं मिळालं असतं तर हा गेला नसता. बघा, धंदेवाईक मी तेव्हापासूनच.

तर, सुतकातलं जेवण. दहा दिवस दोन वेळा गरम पिठलं, भाकरी, भात, साधं वरण, एखादी बेतशीर भाजी, आणि तेराव्याला गोडाचं पान. सगळं दारात. समोरचीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली आणि मग म्हणाली, "पिठलं तुझं मात्र चांगलं असतं हं." पुढे रोज पहिली वाटी चाखायला तिच्याकडे जायची आणि "मीठ" किंवा "ठीक" एवढा एक शब्द परत यायचा.

सुनेने मला ग्रुपांत घातलं. जुन्या डोंबिवलीकरांचा एक मोठा व्हॉट्सॲप ग्रुप, आसपासच्या सोसायट्यांचा मिळून एक, सकाळी बागेत चालणाऱ्या ज्येष्ठांचा एक, आणि फेसबुकवर घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांचा. मोठ्या ग्रुपचा ॲडमिन बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ, आणि ग्रुप तो बँकेच्या खिडकीसारखा चालवायचा. जाहिरात फक्त शुक्रवारी. शनिवारी कुणी लोणच्याचा फोटो टाकला की लगेच, "ताई, आज वार कोणता?"

पहिल्या शुक्रवारी मी जाहिरात टाकली. सुनेने घाईघाईत करून दिली होती, मोबाइलवर तयार मिळतात तसल्या चौकटीत. चारी कोपऱ्यांत फुगे, वर सोनेरी झालर, मध्ये गुलाबी अक्षरांत "सुतक स्पेशल थाळी". तिच्या वर खाकऱ्यांची जाहिरात, खाली नऊवारी शिवून मिळेल. एक बाई म्हणाली, "अभद्र." दुसरीने विचारलं, "ताई, सुतक नसताना मिळेल का?" ऑर्डर एकही नाही.

मिळणार कशी? शुक्रवारी कुणी वाचून ठेवील असं हे काम नाही. माणूस मंगळवारी जातो. आणि मंगळवारी जाहिरात टाकली तर ॲडमिन वार विचारणार.

मग मी जी युक्ती काढली तिचा मला तेव्हा फार अभिमान होता. ज्यांच्याकडे आपला नंबर साठवलेला नसतो, त्यांना ग्रुपवर आपण स्वतःचं जे नाव लिहून ठेवलंय ते दिसतं. मी माझं नाव काढलं आणि तिथे लिहिलं, "सुतकाचा डबा घरपोच". फोटोच्या जागी माझ्याऐवजी पिठलं-भाताचं ताट. आता कुणी गेल्याची बातमी आली की मी फक्त श्रद्धांजली वाहायची. नियमात बसलेली, हात जोडलेली, सभ्य श्रद्धांजली. आणि तिच्या डोक्यावर नाव: सुतकाचा डबा घरपोच. ॲडमिन काय करणार? शोक शुक्रवारीच करा, असं म्हणणार?

यात सगळा खेळ पहिलं असण्याचा. पहिली श्रद्धांजली सगळ्यांना दिसते, कारण बाकीचे तीच उचलून खाली चिकटवतात. म्हणून मी दोन मजकूर तयारच ठेवले होते. पुरुषांसाठी, "मनमिळाऊ, हसतमुख आणि सदैव मदतीला धावून जाणारे व्यक्तिमत्त्व आपल्यातून हरपले." बायकांसाठी हेच, फक्त हसतमुखच्या जागी सुगरण. बोट दाबलं की गेला. माझ्या मजकुरावर डोंबिवलीतली किती माणसं मनमिळाऊ होऊन गेली, त्यांच्या घरच्यांनाही आश्चर्य वाटलं असेल.

धंदा चालू लागला. शोकसंदेशापाठोपाठ मी घरच्यांच्या नंबरवर मेनू धाडायचे. एका घरी शेवटच्या डब्यावर चिठ्ठी लावली, "पुन्हा सेवेची संधी द्यावी." त्या घरात अजून दोन म्हातारी माणसं होती. दुसऱ्या एका घरी तेरावं झाल्यावर विचारलं, जेवण कसं वाटलं, दोन शब्द कळवा. मुलाने कळवलं, "बाबांना आवडलं असतं." ते वाक्य मी स्टेटसला ठेवलं.

सकाळी बागेत चालायला जायचे तिथेही माझी नजर बदलली. कुणाला धाप लागते, कुणाच्या पायावर सूज आहे, कोण दोन दिवस दिसलं नाही. दिसलं नाही की मी त्यांच्या सुनेची आपुलकीने चौकशी करायचे. समोरची एकदा माझ्याबरोबर आली होती. परतताना म्हणाली, "अगं, गिधाडं निदान वरून घिरट्या घालतात. तू तर बाकावर शेजारी जाऊन बसतेस."

"मग काय करू? कोलशेतला जाऊ?"

"नको बाई," ती म्हणाली. "बस तू बाकावर."

गणपतीनंतर मुलाने दोन दिवसांसाठी मला ठाण्याला नेलं. पितृपक्ष यायचा होता, मी जोरात होते. सकाळी नाश्त्याला बसलो असताना मुलगा म्हणाला, "मग, काय म्हणतो धंदा?" त्याच्या आवाजात जी गंमत होती ती मला झोंबली. तेवढ्यात मोबाइल वाजला. मोठ्या ग्रुपवर नाव न लिहिलेल्या एका अनोळखी नंबरवरून लांबलचक मजकूर आला होता, आणि त्याची पहिली वाक्यं दिसत होती: "नमस्कार, मी त्यांची मुलगी लिहीत आहे. कळवायला अतिशय वाईट वाटतं की आज पहाटे माझ्या बाबांना..." त्यापुढे तीन टिंबं आणि "अधिक वाचा".

मी अधिक वाचलं नाही.

"हे बघ," मी मुलाला म्हटलं, "असा करायचा असतो धंदा." आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुरुषांचा मजकूर दाबला. गेला. पहिली मीच. मग ग्रुपबाहेर त्याच नंबरवर मेनू पाठवला, दहा दिवसांचा, आणि ते जिलबी-लाडवाचं विचारलं. तोवर ग्रुपवर माझ्याखाली रांग लागली. मनमिळाऊ, हसतमुख, सदैव मदतीला धावून जाणारे. मी मोबाइल मुलाच्या नाकासमोर धरला. कुणीतरी विचारलं, अंत्ययात्रा किती वाजता? मला तर सगळं ठाऊक असल्यासारखं दाखवायचं होतं. मी लिहिलं, "मुलगी पोहोचली आहे. बहुतेक दुपारनंतर."

"गेलं कोण पण?" मुलाने विचारलं.

"बघते नंतर," मी म्हटलं आणि थालीपिठावर लोणी घेतलं.

हे एक वाक्य मी नातीच्या मैत्रिणींना सांगत नाही.

फोन आला तेव्हा मी दुसरं थालीपीठ घेत होते. समोरचीची मुलगी. ही कल्याणला दिलेली, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिचा आवाज अगदी शांत होता. ती म्हणाली, "काकू, तुम्ही ग्रुपवर काय लिहिलंत, बघितलंत का?"

"काय लिहिलं?"

"बाबा आयसीयूत आहेत. पहाटे ॲटॅक आला, आम्ही कल्याणला आणलं. मी त्यांच्या फोनवरून सगळ्यांना सांगितलं की प्रार्थना करा, रक्त लागलं तर तयारी ठेवा. फोन आईकडे देऊन औषधं आणायला खाली गेले. काकू, आई बाहेर बाकावर एकटी होती."

पुढचं तिने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. फोन वाजू लागला म्हणून आईने उघडला. भाऊजींच्या फोनमध्ये माझं नाव सुतकाचा डबा नव्हतं. त्यांनी माझा नंबर "समोरच्या वहिनी" असा साठवून ठेवला होता. तर सगळ्यात वर, समोरच्या वहिनी: भावपूर्ण श्रद्धांजली. तिने बंद दाराकडे बघितलं. तिला वाटलं, आत झालंय, बाहेर सगळ्यांना कळलंय, आणि आपल्यालाच सांगायला कुणी धजत नाहीये. तिने कपाळावरची टिकली काढली आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीला चिकटवली. मग ओरडली. नर्स धावत आली आणि तिला रागावली, आत पेशंट आहेत, आवाज करू नका. ती म्हणाली, "आता कुणाला त्रास होणार आहे?"

"आधी ते डिलीट करा काकू," मुलगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी केलं. माझ्या मोबाइलवरून मजकूर नाहीसा झाला. मला काय ठाऊक की तो फक्त माझ्याच मोबाइलवरून नाहीसा होतो. तेवढ्यात ॲडमिनचा फोन. मी त्यांना सरळ म्हटलं, "मी काही लिहिलेलंच नाही. माझ्या फोनवर बघा हवं तर."

"ताई," ते म्हणाले, "माझ्या फोनवर दिसतंय. सगळ्यांच्या दिसतंय. सोसायटीने फलकावर लिहिलंसुद्धा, खडूने. तुमच्यावर विश्वास ठेवून." मग म्हणाले, "मी तुम्हाला काढतोय." आणि काढलं. संध्याकाळपर्यंत बाकीच्या ग्रुपांनीही काढलं. बागेतल्या ज्येष्ठांनी सगळ्यात आधी, आणि त्यांचं बरोबरच होतं.

मुलाने गाडी काढली आणि मला कल्याणला नेलं. वाटेत त्याने नुसतं हॉस्पिटलचं नाव विचारलं. नाश्त्याच्या वेळची गंमत त्याच्या आवाजातून गेली होती, आणि ती परत यावी असं मला पहिल्यांदाच वाटलं.

ती तिथेच बसली होती. टिकलीच्या जागी कपाळावर फिकट गोल डाग. शेजारी भाऊजींची बहीण, शहाडहून धावत आलेली. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत झेंडूचा हार. बिचारी बातमी वाचून हार घेऊन निघाली होती आणि आता तो ठेवायचा कुठे हे तिला कळत नव्हतं. जिवंत माणसाच्या आयसीयूबाहेर हार ठेवून चालेल का, टाकून दिला तर अपशकुन होईल का. मी गेले तेव्हा आणि निघाले तेव्हाही तो तिच्या मांडीवरच होता.

मी समोर जाऊन उभी राहिले. वाटेत केवढं काय काय जुळवलं होतं. तोंडातून निघालं, "अगं, मी पूर्ण वाचलंच नव्हतं."

ती म्हणाली, "कुणाचं आहे, ते तरी?"

"नाही ना."

"म्हणजे ते आमच्या ह्यांच्याबद्दल आहे हे तुला ठाऊक नव्हतं."

"नव्हतं ना," मी म्हटलं, आणि किती आशेने म्हटलं. जणू हाच माझ्या बाजूचा मोठा पुरावा. जणू ती म्हणणार होती, हो का, मग हरकत नाही.

ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी आधी उठून आत जाऊन विचारलं असतं." आणि तोंड फिरवलं.

भाऊजी वाचले. घरी आले त्या दिवशी आमच्या जिन्यात गर्दी. ज्यांनी त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती ते सगळे शहाळी घेऊन बघायला आले. भाऊजी पलंगावर बसून मोबाइल नाकाशी धरून एकेकाला वाचून दाखवत होते. "हां, तुम्ही. 'सदैव मदतीला धावून जाणारे.' कधी धावलो हो मी तुमच्या मदतीला?" तो माणूस शहाळ्याकडे बघत बसला. "आणि हसतमुख कोण म्हणालं? सगळेच? बरं." मी माझ्या दारातून ऐकत होते. आमचं दार उघडं होतं, त्यांचंही उघडं होतं, पण मधली ती पाच पावलं टाकायची माझी छाती होत नव्हती.

माझ्याकडे आता एकही ऑर्डर नव्हती. मुलाने विषय काढला नाही, नुसता एका रविवारी एका माणसाला घेऊन आला. त्या माणसाने टेपने खोल्या मोजल्या, स्वयंपाकघराची भिंत बोटाने वाजवून बघितली आणि म्हणाला, "लिफ्ट नाही, ना?" मी त्यांना चहा केला. साखर विसरले. दोघांनी गपचूप प्यायला, म्हणजे माझी अवस्था त्यांनाही दिसत असावी.

ते गेले आणि दारात भाऊजी उभे. भिंतीला धरून, चौकडीच्या लुंगीत, वाळून काटकी झालेले.

"वहिनी," ते म्हणाले, "डॉक्टरने तळण बंद केलं, गोड बंद केलं, चमचमीत सगळं बंद केलं. तुमचा तो मेनू मी वाचला. तंतोतंत तेच आहे."

मी त्यांना बसायला खुर्ची ओढली.

"हिच्या हातून तेल कमी पडत नाही. उद्यापासून डबा लावा. जिलबीचं मात्र तुम्ही विचारलंत, ते राहू द्या इतक्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवताना स्वतःचा फोटो काढायला लावला, नातवाकडून असेल, आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सुतकाचा डबा खात आहे. स्वतःच्याच. पिठलं उत्तम." वार होता सोमवार. ॲडमिनने काही विचारलं नाही. मेलेल्या माणसाने केलेली जाहिरात थांबवायचा नियम त्यांच्याकडे नसावा. त्या एका फोटोने जे केलं ते माझ्या सगळ्या श्रद्धांजल्यांनी केलं नव्हतं. हृदयवाले आले, साखरवाले आले, कुणाचं पित्ताशय काढलेलं, कुणाच्या सासूचे दात काढलेले. ॲडमिननेच मला परत आत घेतलं, त्यांच्या मेहुण्याला पथ्याचा डबा हवा होता. मी नाव बदललं, फोटो बदलला, पदार्थ एकही बदलला नाही. दिवा स्टेशनहून एक बाई भाकऱ्या करायला यायला लागली. तिच्याकडे पाण्याची बोंब, म्हणून येताना घरचे हंडे-बाटल्याही घेऊन यायची आणि माझ्याकडून भरून न्यायची. दिवाळीत मुलाने फराळाला येऊन ओट्यावरचे डबे बघितले, एक-दोनदा घसा साफ केला आणि म्हणाला, "राहिलं मग. विषय संपला."

राहिलं. मी जिंकले. घर माझं.

भाऊजींचा डबा मी रोज स्वतः द्यायचे. तो मी त्यांच्या दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर ठेवायचा आणि संध्याकाळी रिकामा, घासलेला, तिथूनच उचलायचा, अशी पद्धत आपोआप पडली होती. दार आता बंद असायचं. मी एकदा पिठल्याची वेगळी वाटी ठेवून बघितली, नुसती चाखायला. ती वाटी संध्याकाळी डब्याशेजारी तशीच होती, वर साय धरलेली. माझ्या कुकरला एकदा किती शिट्ट्या झाल्या मलाच कळलं नाही, वरण खाली लागलं, तरी पलीकडून कुणी काही म्हटलं नाही.

तुळशीच्या लग्नानंतरची गोष्ट. मी डबा ठेवायला वाकले आणि दार उघडलं. ती होती. कपाळावर टिकली होती, नेहमीची, मोठी. मागे हॉलमध्ये पुठ्ठ्याची खोकी रचलेली दिसत होती आणि भाऊजी कुठल्या तरी खोक्याला दोरी बांधत होते. मला वाटलं, आत ये म्हणेल. मी पदराला हातसुद्धा पुसले. तिने माझ्या हातातून डबा घेतला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली:

"आम्ही कल्याणला चाललोय, लेकीच्या जवळ. हा ब्लॉक विकायचाय. तुझ्या त्या ग्रुपवर टाक ना. तुझं वाचून माणसं लगेच येतात."